आपल्या कामाचा साक्षी कोण?

मनुष्यानें आपल्या हातांनीं एखादी वस्तु बनविली म्हणजे तिजविषयींचा त्याचा शब्द कितपत प्रमाण मानावा, हा प्रश्न दिसण्यांत लहान आहे. सुतारानें केलेल्या बैलगाडीविषयीं तो कोणी विचारीत नाहीं. गाडी चालते कीं मोडते हें चार दिवसांत साऱ्या गांवास दिसतें. परंतु कित्येक कामें अशीं असतात कीं, त्यांचा गुण डोळ्यांस दिसत नाहीं, केवळ हिशेबाच्या वहींत दिसतो; आणि ती वही लिहिणारा मनुष्य व तें काम करणारा मनुष्य एकच असतो. अशा ठिकाणीं हा लहान प्रश्न फार मोठा होतो. आज वाचकांपुढें असेंच एक काम ठेवावयाचें आहे. तें म्हणजे, जुना डिझेल ट्रक घेऊन त्याचा गियरबॉक्स काढून टाकणें, आणि इंजिन, जनित्र, बॅटरी व विजेची मोटार ह्यांच्या साह्यानें तोच ट्रक पुन्हा रस्त्यावर चालविणें. ह्या प्रकारास हल्लीं हायब्रिड म्हणतात. कारखाने तें करितातच; परंतु आपल्या अंगणांत, आपल्या हत्यारांनीं, तें करणारे लोकही जगांत आहेत, आणि आमचा प्रश्न त्यांच्याविषयीं आहे.

विषय पुष्कळांस दूरचा वाटेल. म्हणून प्रथम माझीच एक गोष्ट सांगतों. आमच्या विहिरीवर पांच अश्वशक्तीचें डिझेल इंजिन होतें. एका उन्हाळ्यांत मीं इंजिनावरील पुली काढून तिच्याहून लहान पुली बसविली. काम सारें माझ्या हातचें. तासाला लागणारें डिझेल स्पष्टपणें कमी झालें. मीं तें बाटलीनें मोजलें, वहींत लिहिलें, व निदान दहा जणांस तरी सांगितलें. दोघांनीं माझें पाहून आपल्या पुल्याही बदलल्या. महिन्याभरानें माझा धाकटा भाऊ घड्याळ घेऊन हौदापाशीं बसला आणि म्हणाला, "दादा, पूर्वीं हा हौद एका तासांत भरत असे; आतां दीड तास लागतो." मीं डिझेल मोजलें होतें, पाणी मोजलें नव्हतें. मी कोणाशीं खोटें बोललों नव्हतों. तरी माझ्या शब्दावर विसंबून दोन शेजाऱ्यांनीं खर्च केला होता, हेंही खोटें नव्हे.

आतां ट्रकाकडे वळूं. साध्या ट्रकांत इंजिनाचें बळ क्लच, गियरबॉक्स, लांब दांडा व मागील आंस ह्या वाटेनें चाकांकडे जातें. डिझेल इंजिनास एक खोड आहे. आपल्या सोयीच्या वेगानें व भरपूर ओझ्याखालीं फिरत असतां तें उत्तम काम देतें. ट्रकाचें चांगलें इंजिन अशा वेळीं डिझेलांतील उष्णतेचा सुमारें चाळीस टक्के भाग कामास लावतें. परंतु गाडी बाजारपेठेंतून रांगत असतां, पुन्हा पुन्हा थांबत व निघत असतां, तेंच इंजिन फार उधळें होतें. आणि नाक्यावर उभें राहून धडधडत असतां तर तें जाळतें तें सर्वच फुकट जातें. ह्यावर उपाय असा कीं, इंजिनाची व चाकांची गांठ सोडवावी. इंजिनानें केवळ जनित्र फिरवावें, तेंही त्यास मानवेल त्याच वेगानें. वीज बॅटरींत सांठावी किंवा थेट मोटारीकडे जावी, आणि चाकें मोटारीनें फिरवावीं. उतारावर तीच मोटार जनित्राचें काम करिते, व गाडीचा जो जोर एरवीं ब्रेकमध्यें उष्णता होऊन वाऱ्यावर जातो त्याचा कांहीं भाग बॅटरींत परत येतो.

कल्पना नवी नाहीं. व्हिएन्ना येथें लोहनर यांच्या कारखान्यांत असतां फर्डिनांड पोर्शे ह्या तरुण यंत्रज्ञानें सन १९०० च्या सुमारास पेट्रोलचें इंजिन, जनित्र, बॅटरी व चाकांतच बसविलेल्या मोटारी अशी गाडी सिद्ध केली होती. इंग्लंडांत मेडस्टोन येथील टिलिंग-स्टीव्हन्स कंपनीनें पहिल्या महायुद्धापूर्वीं पेट्रोल-विद्युत् बसगाड्या बनविल्या. त्यांत गियर बदलावयाचे नसत, आणि ज्यांचें आयुष्य घोडे हांकण्यांत गेलें होतें अशा सारथ्यांस ती मोठीच सोय होती. आपल्या रेल्वेचीं डिझेल इंजिनें प्रत्यक्षांत डिझेलवर चालणारीं वीजघरेंच होत. त्यांचीं चाकें फिरवितात विजेच्या मोटारी. अमेरिकेंतील आर. जी. लटर्नो ह्या गृहस्थाचें नांव येथें घेतल्यावांचून राहवत नाहीं. लहानपणींच शाळा सोडलेला हा मनुष्य पुढें माती उकरण्याच्या प्रचंड यंत्रांचा कारखानदार झाला. मोटार चाकाच्या पोटांतच बसवून डिझेल-विद्युत् यंत्रें चालविण्याची रीत त्यानें फार पुढें नेली. तो आपल्या उत्पन्नाचा नऊदशांश भाग धर्मकार्यास देत असे, म्हणून तो पुष्कळ मंडळ्यांत ठाऊक आहे.

ह्या मोठ्या नांवांच्या मागें घरगुती कारागिरांची एक लांब रांग आहे. अमेरिकेंतील आर्कान्सा संस्थानांतील एका गृहस्थानें लहानशी ओपेल मोटारगाडी घेऊन तींत गवत कापण्याच्या यंत्राचें इंजिन व विमानाची जुनी स्टार्टर मोटार बसविली; ती एका गॅलनांत ७५ मैल जाते असें वर्णन सन १९७९ मध्यें तेथील 'मदर अर्थ न्यूज' मासिकांत आलें, व त्याची फार चर्चा झाली. अलीकडे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत मेरिट गांवीं एडिसन मोटर्स ह्या नांवानें कांहीं ट्रकवाल्यांनींच लांकडाचे ओंडके वाहणारे डिझेल-विद्युत् ट्रक करण्याचें काम आरंभिलें. त्यांचा पहिला प्रयोग एका जुन्या केनवर्थ ट्रकावरच झाला. अपघातांत मोडलेल्या विजेच्या मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या व मोटारी आतां विकत मिळतात. त्यामुळें ज्यास पाना धरतां येतो व विजेचें थोडें ज्ञान आहे अशा मनुष्यास हें काम अशक्य राहिलेलें नाहीं.

अशा मनुष्याविषयीं माझ्या मनांत आदर आहे, आणि तो लपविण्याचें कारण नाहीं. 'दुकानांतलें तें खरें, घरचें तें ओबडधोबड' अशी समजूत आपल्याकडे फार बोकाळली आहे, व तिच्यामुळें पुष्कळ हुशार हात रिकामे राहिले आहेत. भंगारांत जाणारें वीस वर्षांचें धूड कोणी पुन्हा जिवंत केलें तर तें चांगलेंच काम होय. परंतु आदर निराळा आणि साक्ष निराळी.

ह्या कामाचा खरा हिशेब कसा असतो तें पाहूं. एक लिटर डिझेलांत सुमारें दहा युनिट शक्ति असते. युनिट म्हणजे तेंच, जें विजेच्या बिलावर येतें. चांगलें इंजिन त्यांतील चार युनिट हातीं देतें. गियरबॉक्स व आंस ह्यांच्या वाटेनें गेल्यास त्या चारांतील थोडाच भाग वाटेंत झिजतो. विजेच्या वाटेवर मात्र प्रत्येक नाक्यावर जकात आहे. जनित्र कांहीं घेतें, मोटार व तिचें नियंत्रक यंत्र कांहीं घेतें, आणि वीज जर बॅटरींत जाऊन परत आली तर बॅटरीही आपला वाटा घेते. म्हणून सपाट राजरस्त्यावर एकाच वेगानें शेंकडों मैल जाणाऱ्या ट्रकास हा फेरफार करून लाभ होत नाहीं, उलट थोडा तोटाच होण्याचा संभव आहे. लाभ आहे तो थांबत-निघत चालणाऱ्या गाडीस, आणि डोंगराळ मुलुखांत. डोंगरांत तो खरोखर मोठा आहे. चाळीस टनांचा ट्रक हजार मीटर उंचीवरून खालीं आला तर एकशेंनऊ युनिट मोकळीं होतात. साधा ट्रक तीं सर्व ब्रेक व इंजिनाच्या गुरगुराटांत घालवितो. टायर, वारा व यंत्रांची जकात वजा जाऊन त्यांतील सत्तर युनिट जरी हातीं लागलीं, तरी तीं सतरा-अठरा लिटर डिझेलाच्या कामाइतकीं होतात.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. पण वहीचा मालक आतां काय करितो पाहा. रात्रीं घरच्या विजेवर त्यानें पन्नास युनिटांची बॅटरी पूर्ण भरून ठेविली. दुसरे दिवशीं फेरी केली, संध्याकाळीं बॅटरी रिकामी घेऊन घरीं आला, व डिझेलच्या टाकींत पट्टी घालून पाहिली. केवढी बचत! त्यानें खोटा आकडा लिहिला काय? नाहीं. परंतु ह्या हिशेबांत साडेबारा लिटरांचें काम भिंतींतून आलें होतें, आणि भिंतीस टाकी नसल्यामुळें तें पट्टीवर दिसलें नाहीं. म्हणूनच 'गॅलनांत इतके मैल' असा कोणताही थोर आकडा कानीं पडला म्हणजे पहिला प्रश्न हा विचारावा कीं, निघतांना बॅटरी किती भरलेली होती, आणि पोंचतांना तींत किती उरलें. दुसरें असें कीं, शंभर युनिटांच्या बॅटरीचें वजन सहाशें-सातशें किलो सहज होतें. तेवढा माल ट्रकांतून उतरला. मालाच्या वजनावर ज्याचें पोट आहे त्यानें तो तोटा कोणत्या खात्यावर मांडला? तिसरें, दोन वर्षांच्या संध्याकाळी. त्यांची मजुरी तर कोणीच मांडीत नाहीं, आणि मला वाटतें, तीच एक चूक क्षम्य आहे; कारण ती कित्येकदां मजुरी नसून आनंद असतो.

ह्या जातीच्या चुकीचा सर्वांत सुंदर नमुना डोंगरांतच सांपडतो. स्वित्झर्लंडांत बील शहराजवळच्या एका खाणींत सिमेंटच्या कारखान्यासाठीं दगड काढतात. तेथें कोमात्सु जातीचा एक प्रचंड डंपर डिझेल इंजिन काढून पूर्णपणें विजेवर चालणारा करण्यांत आला. रिकामा असतां त्याचें वजन सुमारें पंचेचाळीस टन. तो डोंगरावर रिकामा चढतो, पासष्ट टन दगड घेऊन खालीं उतरतो, आणि उतरतांना इतकी वीज मिळवितो कीं पुढची चढण तींतच भागते. हें ऐकून लोक म्हणाले, पाहा, ही गाडी फुकट चालते! फुकट ती मुळींच चालत नाहीं. तिचें देणें डोंगर देतो. दर फेरीस पासष्ट टन डोंगर खालीं येतो, व त्याच्या उंचीची किंमत बॅटरींत जमा होते. त्या यंत्रज्ञांनीं उत्तम काम केलें, ह्यांत शंका नाहीं. पूर्वीं तीच किंमत ब्रेकमध्यें जळून जात होती. परंतु तोच डंपर कोणी माल वर चढविण्याच्या कामावर लावला तर फुकटपणा पहिल्याच फेरींत संपेल. ब्रिटिश कोलंबियांतील ओंडक्यांच्या ट्रकांची गोष्टही कांहीं अंशीं अशीच आहे: जेथें ट्रक रिकामे वर जातात व भरून खालीं येतात, तेथें यंत्राच्या गुणांत रस्त्याचा गुण मिसळलेला असतो. कारागीर दोन्ही आपल्याच नांवावर जमा करितो. मीही केलें असतें.

तें तो कां करितो? कारण तो लबाड आहे म्हणून, असें म्हणणें सोपें आहे. पण तें खरें नाहीं. लबाडास आपण काय लपवितों हें ठाऊक असतें, म्हणून त्यास पकडतांही येतें. ह्या मनुष्याच्या बाबतींत लपविण्याचें काम त्याचें प्रेमच करीत असतें. ज्या यंत्रासाठीं त्यानें झोंप मोडली, शेजाऱ्यांचीं हास्यें सोसलीं, घरांत पैशांवरून बोल ऐकले, तें यंत्र 'कांहीं विशेष झालें नाहीं' असें सांगण्यास कोणती जीभ वळेल? आई जशी लेंकराची उंची मोजतांना त्यास नकळत टांचा उंचावूं देते, तसें हें आहे. आणि मोजमाप करण्याची वेळ, रस्ता, ओझें, हवा, हीं सर्व तोच निवडीत असतो. त्याच्या शंभर यशस्वी फेऱ्या म्हणजे शंभर साक्षी नव्हेत. एकाच साक्षीदारानें शंभरदां दिलेली ती एकच जबानी होय.

कोणी म्हणेल, असेना कां. ट्रक त्याचा, पैसा त्याचा, भ्रमही त्याचा. दुसऱ्याचें काय गेलें? माझ्या दोन शेजाऱ्यांच्या पुल्या हें त्याचें उत्तर आहे. मनुष्य आपला आनंद एकटा ठेवीत नाहीं. तो सांगतो, दुसरे ऐकतात, आणि ऐकणाऱ्यांत एखादा असा असतो कीं ज्याच्याजवळ एकच ट्रक आहे व त्या ट्रकावर कर्ज आहे. तो गियरबॉक्स उतरवून विकतो, सहा महिने गाडी अंगणांत उभी राहते, हप्ते थांबत नाहींत. पहिल्यानें त्यास फसविलें असें कोणतेंही न्यायासन म्हणणार नाहीं. तरीही पहिल्यास रात्रीं त्याची आठवण आली पाहिजे, असें मला वाटतें.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. घरगुती कारागिराचीच झडती कां? मोठे कारखाने कोठें हरिश्चंद्र आहेत? आक्षेप रास्त आहे. फोक्सवॅगन कंपनीनें आपल्या डिझेल गाड्यांत अशी योजना घातली होती कीं, गाडीची परीक्षा चालू आहे हें गाडीसच कळावें, तेवढ्यापुरता तिचा धूर शुद्ध व्हावा, आणि रस्त्यावर येतांच पूर्ववत् व्हावा. सन २०१५ च्या सप्टेंबरांत हें जगापुढें आलें. येथें प्रेम नव्हतें, सरळ कपट होतें. पण तें उघड कसें झालें, हें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं गाड्या परीक्षागृहांत न ठेवितां मोजण्याचीं यंत्रें गाडींतच घालून त्या रस्त्यावर हांकल्या, व रस्त्यावरचे आकडे परीक्षागृहाच्या आकड्यांशीं जुळेनात. त्या गाड्या त्यांनीं बनविल्या नव्हत्या, म्हणून त्यांस त्यांविषयीं माया नव्हती. मोठ्या कारखान्यास जी परकी दृष्टि आवश्यक ठरली ती अंगणांतल्या मिस्त्रीस अनावश्यक आहे, असें त्यावरून निघत नाहीं. उलट, कारखान्यांत निदान एकमेकांचा हेवा करणारे चार लोक असतात, मिस्त्री तर एकटाच असतो.

आतांपर्यंत गोष्ट पैशाची होती. ट्रक फाटकाबाहेर आला म्हणजे ती निराळी होते.

घाटांत गाडी चालविणाऱ्यांचा एक जुना नियम आहे: ज्या गियरमध्यें चढ चढावा त्याच गियरमध्यें उतार उतरावा. त्याचें कारण असें कीं, उतारावर चाकें इंजिनास ओढतात व इंजिन त्यांस मागें धरतें. केवळ पायाच्या ब्रेकवर भरलेला ट्रक उतरविला तर ब्रेक तापतात, आणि तापले म्हणजे धरीनासे होतात. कसारा व खंबाटकी येथील ड्रायव्हरांस हें पुस्तकांत वाचावें लागत नाहीं. आतां आमच्या कारागिरानें गियरबॉक्स काढला, इंजिन व चाकें ह्यांची गांठ सोडली, त्याबरोबर तो मागें धरणारा हातही गेला. त्याच्या जागीं मोटार आली. मोटार उतारावर वीज निर्माण करिते व तेवढ्या बळानें गाडी अडविते. हें काम ती इंजिनाहूनही गोड रीतीनें करिते, आवाज नाहीं, धूर नाहीं, चाळण नाहीं. कारागीर हरखून जातो. परंतु ती वीज जाण्यास जागा पाहिजे. भरलेल्या हौदांत पाणी शिरत नाहीं.

समजा, ह्या मनुष्याचें घर डोंगरावर आहे. त्याच्या सर्व परीक्षा खोऱ्यांत झाल्या; खोऱ्यांतून वर येतांना बॅटरी अर्धी रिकामी होई, व परत उतरतांना ती भरत जाई, म्हणून ब्रेक प्रत्येक वेळीं उत्तम लागे. एके रात्रीं तो घरच्या विजेवर बॅटरी काठोकाठ भरतो. सकाळीं ट्रक मालानें भरतो व निघतो. पहिल्याच वळणानंतर बॅटरीचें रक्षण करणारें यंत्र वीज घेण्याचें नाकारतें. त्यानें नाकारलेंच पाहिजे, नाहींतर बॅटरी बिघडेल किंवा पेटेल. आणि ज्या हातानें शंभर वेळां गाडी धरली तो हात, गाडी सर्वांत जड व रस्ता सर्वांत उतरता असतांना, सुटतो. भर म्हणून आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जुन्या ट्रकांत इंजिन केवळ चाकें फिरवीत नव्हतें. हवेच्या ब्रेकची हवा भरणारा पंप त्यावर चाले, स्टेअरिंग हलकें करणारा पंपही त्यावरच चाले. उतारावर डिझेल वाचविण्यास इंजिन बंद केलें आणि ह्या दोन कामांस विजेचे निराळे पंप दिले नसले, तर प्रत्येक वेळीं ब्रेक दाबतांना टाकींतील हवा कमी होत जाते, आणि तिच्या जागीं नवी येत नाहीं.

समोरून येणाऱ्या बसमध्यें जे लोक आहेत त्यांनीं ह्या प्रयोगास संमति दिलेली नाहीं. त्यांस तो चालू आहे हेंही ठाऊक नाहीं. अपघात झाल्यावर जे धांवून येतात, त्यांसही तारेंत कित्येक शें व्होल्ट आहेत हें दिसत नाहीं. कारखान्यांत अशा तारांस नारिंगी वेष्टण देण्याचा प्रघात पडला आहे तो ह्याचसाठीं. माणूस आपल्या घरांत आपल्या जिवाशीं कितीही खेळो. त्यास शहाणा म्हणा, वेडा म्हणा. परंतु उतारावर त्याचा विश्वास हीच दुसऱ्याची सुरक्षितता असते. आणि हा विश्वास त्यानें कोठून मिळविला? आपल्याच वहींतून.

आपल्या देशांत ह्या प्रश्नाचा विचार कायद्यानें केला आहे. उत्तरेकडे शेतीपंपाचें डिझेल इंजिन लांकडी सांगाड्यावर बसवून 'जुगाड' नांवाच्या गाड्या चालवीत. तें मोटार वाहनच होय, त्यास कायदा लागू आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें सन २०१३ मध्यें ठरविलें. रस्त्यावरील गाडीस विजेची जोड देण्याची वाट नियमांत आहे, पण ती मान्यता मिळालेल्या सामग्रीची व मान्य केलेल्या माणसाच्या हातची आहे. त्या सामग्रीची परीक्षा करणाऱ्या संस्थांत पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे. ह्या नियमांनीं कित्येक हुशार हात बांधले जातात, अशी तक्रार मीं ऐकली आहे, व ती सर्वस्वी खोटी नाहीं. परीक्षेचा खर्च एकट्या मिस्त्रीस झेपणारा नसतो. तथापि कायद्याच्या मुळाशीं जो संशय आहे तो कारागिराच्या प्रामाणिकपणाविषयींचा नव्हे. कायदा एवढेंच म्हणतो कीं, बाबारे, ही गाडी तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणीं पाहिली आहे काय?

ज्यास हें काम करावयाचेंच आहे, व ज्याच्या देशांत त्यास मुभा आहे, त्यानें ह्या प्रश्नाचें उत्तर हिशेबाच्या वहींत न देतां लोखंडांत द्यावें लागतें. रेल्वेच्या डिझेल इंजिनांत व खाणींतील मोठ्या डिझेल-विद्युत् डंपरांत एक तारांची जाळी असते. उतारावर मोटारींनीं निर्माण केलेली वीज त्या जाळींत सोडतात. जाळी लाल होईपर्यंत तापते, पंखा तिच्यावर वारा घालतो, आणि ती सारी शक्ति आकाशांत निघून जाते. बॅटरी भरलेली असो कीं नसो, हा दरवाजा उघडा असतो. जाळी जड आहे, महाग आहे, जागा अडविते. जी शक्ति वांचविण्यासाठीं सारा खटाटोप केला तीच ती जाणूनबुजून उधळते, आणि तिच्यामुळें एक थेंबही डिझेल वांचत नाहीं. ज्यानें ट्रक आपल्या हातांनीं जोडला आहे त्यानें ती घ्यावी, बसवावी, तिचा खर्च व तिचें वजन बचतीच्या हिशेबांतून उणें करावें, आणि मग बॅटरी मुद्दाम काठोकाठ भरून, मोकळ्या उतारावर, थोडें थोडें ओझें वाढवीत तिची परीक्षा पाहावी. त्या वेळीं घड्याळ व कागद मात्र दुसऱ्याच्या हातीं द्यावा. धाकटा भाऊ असल्यास त्याच्या.